टिंबाचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे वक्ते आज पुष्कळ आहेत. मला वेळ दिला आहे तो शाळेतल्या गणितावर बोलायला, आणि त्यातही एका टिंबावर. हे टिंब मुंगीच्या डोक्याएवढे असते. पण ते तुमच्या सातबाऱ्यावर आहे, काट्याच्या पावतीवर आहे, फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर आहे, बँकेच्या पासबुकात आहे आणि पाचवी-सहावीत शिकणाऱ्या तुमच्या पोरीच्या वहीतही आहे. पोरगी वहीत चुकली तर तिचा एक गुण जातो. बाप पावतीवर चुकला तर कापूस जातो. म्हणून या टिंबाला अर्धा तास द्यायला हरकत नाही.

एक उदाहरण घेतो. कापसाचे वजन १२.०८ क्विंटल भरले. पावती वाचणाऱ्याने तोंडाने सांगितले, "बारा पॉइंट आठ." ऐकणाऱ्याने लिहिले १२.८. दोघांनाही वाटले एकच आकडा आहे. पण १२.०८ म्हणजे १२ क्विंटल ८ किलो, आणि १२.८ म्हणजे १२ क्विंटल ८० किलो. फरक ७२ किलोचा. २०२४-२५ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने ७२ किलोचे ५,४१५ रुपये होतात. कोणी लबाडी केली नाही, कोणी काटा मारला नाही. एक शून्य तोंडातच राहिले, एवढेच झाले. आणि जिथे लबाडी करायचीच असेल तिथे तर हे शून्य लपायला फार सोयीचे आहे.

आपल्याला अपूर्णांक नवा नाही

काहीजण म्हणतील, आम्ही अंगठेबहाद्दर, आम्हाला दशांश कुठला कळायला? हे खरे नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, औट हे शब्द आपल्या तोंडात रोज असतात. जुन्या शाळेत पोरांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करावी लागे. सव्वा रुपयाने चौदा शेर घेतले तर किती, याचे उत्तर म्हातारी माणसे कागद न घेता देत.

ते गणित चालत होते, कारण त्या काळची मापे निम्म्या-निम्म्याने तुटत होती. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. अर्धा रुपया म्हणजे ८ आणे, पाव म्हणजे ४, अर्धपाव म्हणजे २. मणाचे ४० शेर, एकराचे ४० गुंठे. मग सरकारने मापे बदलली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १९५८ सालच्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने यायला लागली. शेर-मण गेले, किलो-क्विंटल आले. आता माप निम्म्याने तुटत नाही, दहाने तुटते. दहाने तुटणाऱ्या मापाचा हिशेब लिहायची जी रीत, तिचे नाव दशांश. दुसरे काही नाही.

म्हणून पहिले काम जुन्या शब्दांची नव्या आकड्यांशी गाठ घालण्याचे आहे. पाव म्हणजे ०.२५. अर्धा म्हणजे ०.५. पाऊण म्हणजे ०.७५. सव्वा १.२५, दीड १.५, पावणेदोन १.७५, अडीच २.५, औट ३.५. हे आठ आकडे ज्या घरात पोरांना येतात त्या घरात दशांशाची भीती निम्मी संपते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पूर्वी पोराला पाच पैसे, दहा पैसे, चार आणे हातात मिळत. रुपयाचा दहावा भाग आणि शंभरावा भाग त्याला खिशात खुळखुळताना कळत असे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. आजच्या पोराने दहा पैशाचे नाणे पाहिलेलेच नाही. हिशेबात पैसे आहेत, हातात नाहीत. मग ०.१० म्हणजे काय हे त्याला कशावरून कळावे? दोष पोराच्या डोक्याचा नाही. दाखवायला वस्तू उरली नाही, हा प्रश्न आहे.

तुमचे वावर हाच फळा

पण आपल्याकडे एक वस्तू आहे आणि ती शहरातल्या पोराकडे नाही. ती म्हणजे जमीन.

एक हेक्टर जमीन डोळ्यापुढे आणा, १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद. तिचे दहा सारखे पट्टे पाडा, प्रत्येक पट्टा १० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब. एक पट्टा म्हणजे हेक्टरचा दहावा भाग, ०.१ हेक्टर. आता त्या पट्ट्याचे आडवे दहा तुकडे करा. प्रत्येक तुकडा १० मीटर बाय १० मीटर. असे शंभर तुकडे हेक्टरात बसतात. एक तुकडा म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग, ०.०१ हेक्टर. त्यालाच तलाठी आर म्हणतो. त्या आरातला एक चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दहा हजारावा भाग, ०.०००१ हेक्टर.

शाळेच्या पुस्तकात शंभर चौकटींचे चित्र असते. त्यातल्या काही चौकटी रंगवायच्या आणि दशांश लिहायचा. पोरांना ते कंटाळवाणे वाटते. त्यांना सांगा, हे चित्र आपल्या वावराचे आहे. टिंबाच्या उजवीकडचे पहिले घर पट्ट्यांचे, दुसरे घर आरांचे. ०.३५ हेक्टर म्हणजे तीन पट्टे आणि पाच आर. पोरगे विसरणार नाही.

याच चित्रात शाळेतले पोर जिथे हमखास अडते ती गोष्टही सुटते. ०.१ गुणिले ०.१ किती? पोर म्हणते ०.१. कोणी म्हणते ०.२. वावरात पाहा. लांबीचा दहावा भाग घेतला आणि रुंदीचाही दहावा भाग घेतला, तर हाती १० मीटर बाय १० मीटरचा एक तुकडा येतो, म्हणजे एक आर, ०.०१ हेक्टर. दहाव्याचा दहावा भाग शंभरावाच असणार. तसेच ०.३ गुणिले ०.३ म्हणजे तीन बाय तीन नऊ आर, ०.०९. ते ०.९ नव्हे. ०.९ म्हणजे नऊ पट्टे, ९० आर. कुठे नऊ आणि कुठे नव्वद!

मोठा आकडा कोणता?

घरी गेल्यावर पोरांना एक प्रश्न विचारा. ०.५ मोठे की ०.१२५? बरीच पोरे म्हणतील ०.१२५, कारण पाचापेक्षा एकशे पंचवीस मोठे. टिंबाच्या उजवीकडचा आकडा ती साध्या आकड्यासारखा वाचतात. आपणही वाचतो, आणि ही खोड आपल्या बोलण्याने लागते. ०.१२५ ला "पॉइंट एकशे पंचवीस" म्हटले की कानाला मोठे वाटणारच. म्हणून टिंबापुढचे आकडे एकेक सुटे वाचायचे: शून्य दशांश एक दोन पाच. १२.०८ ला "बारा दशांश शून्य आठ". वाचण्याची एवढी शिस्त लावली तर पावतीवरचे शून्य कधी गळणार नाही.

तुलना करायची असेल तर उजवीकडे शून्ये लावून घरे सारखी करा. ०.५ म्हणजे ०.५००. आता ५०० आणि १२५ यांत मोठे कोण हे कोणीही सांगेल. काट्यावर अर्धा किलो ०.५०० असाच दिसतो. शेवटी लावलेल्या शून्याने वजन वाढत नाही. पण टिंब आणि आकडा यांच्या मध्ये घुसलेले शून्य, ०.०५, दहा हिस्स्यांतले नऊ हिस्से खाऊन टाकते. शून्य कुठे बसले आहे ते पाहायला शिका.

टिंब दिसले म्हणजे दशांश असेलच असे नाही

आता जमिनीच्या कागदाकडे या. इथे जाणते लोकही फसतात.

आपण बोलतो एकर-गुंठ्यात. १ एकर १० गुंठे जमीन असेल तर घाईत लिहितो १.१०. हे टिंब दशांशाचे नाही. एकराचे गुंठे ४० असतात, १०० नाही. १० गुंठे म्हणजे पाव एकर. म्हणून १ एकर १० गुंठे म्हणजे दशांशात १.२५ एकर, सव्वा एकर. आणि कागदावर खरोखर दशांशातले १.१० एकर असेल तर ते १ एकर ४ गुंठे होते. दोन्हीत सहा गुंठ्यांचा फरक आहे.

हिशेबात हा फरक कुठवर जातो पाहा. त्या सव्वा एकरात ५ क्विंटल कापूस झाला. ५ भागिले १.२५, एकरी ४ क्विंटल. पण कोणी १.१० ला दशांश समजून भागाकार केला तर एकरी साडेचार क्विंटलच्या वर उतारा दिसतो. कापसाचे बोंडही वाढले नाही आणि कागदावर पीक वाढले.

रीत सोपी आहे. गुंठ्यांना ४० ने भागा, म्हणजे एकराचा दशांश मिळतो. एकराच्या दशांशाला ४० ने गुणा, म्हणजे गुंठे मिळतात. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर असे पुस्तकात असते. त्याला २ एकर ४७ गुंठे म्हणू नका. ०.४७ गुणिले ४०, म्हणजे जवळजवळ १९ गुंठे. हेक्टर म्हणजे २ एकर १९ गुंठ्यांना जरासे कमी.

सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर-चौरस मीटर असते आणि तिथे सगळे शंभरावर चालते. १.०५.५० असे दिसले तर १ हेक्टर, ५ आर, ५० चौरस मीटर. हिशेबाला घेताना दुसरे टिंब काढून टाका, १.०५५० हेक्टर. इथेही मधले शून्य सोडून १.५५ लिहिलेत तर जमीन कागदावर जवळजवळ अर्धा हेक्टर वाढेल.

बेरीज, गुणाकार, भागाकार

बेरजेचा नियम एकच आहे, टिंबाखाली टिंब. तीन खेपांचा कापूस ८.५, ११.०५ आणि ९.३७५ क्विंटल. उजव्या कडेला आकडे जुळवून बेरीज केली की घोटाळा झालाच, कारण क्विंटलखाली किलो येतात. घरे भरून लिहा: ८.५००, ११.०५०, ९.३७५. बेरीज २८.९२५. म्हणजे २८ क्विंटल ९२ किलो ५०० ग्रॅम.

गुणाकारात आधी टिंब विसरा. १२.३५ क्विंटल कापूस, भाव ७,५२१. आधी १,२३५ गुणिले ७,५२१ करा, ९२,८८,४३५ येतात. १२.३५ मध्ये टिंबाच्या उजवीकडे दोन घरे होती, म्हणून उत्तरात उजवीकडून दोन घरे मोजून टिंब द्या. ९२,८८४ रुपये ३५ पैसे. आता पडताळा घ्या. १२ क्विंटल साडेसात हजाराने ९० हजार होतात, वर पाऊण नव्हे पण पावाहून जास्त क्विंटल आहे. तेव्हा ९२-९३ हजार बरोबर. कोणी ९,२८८ किंवा ९ लाख सांगितले तर टिंब घसरले हे तिथल्या तिथे कळते. आधी अंदाज, मग आकडेमोड. मोबाइलवर हिशेब करणाऱ्यालाही हे लागू आहे. मोबाइल चुकत नाही, पण टिंब दाबायला बोट चुकते.

भाव किलोत काढायचा तर शंभराने भागायचे, म्हणजे टिंब दोन घरे डावीकडे. ७,५२१ चे ७५.२१. आता क्विंटलमागे दीड किलो कडता कापला तर १२.३५ क्विंटलवर किती जातो? १२.३५ गुणिले १.५, म्हणजे १८.५२५ किलो. ७५.२१ ने त्याचे सुमारे १,३९३ रुपये होतात. "दीड किलोने काय होते" असे कोणी म्हणाले तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा.

पोरे म्हणतात, गुणाकार केला की वाढते आणि भागाकार केला की घटते. पूर्ण आकड्यांत तसे दिसते, दशांशात नाही. ज्वारीचे बियाणे हेक्टरी १० किलो धरले आणि वावर ०.६५ हेक्टर असले तर १० गुणिले ०.६५, साडेसहा किलो. गुणले आणि घटले, कारण जमीनच हेक्टराहून कमी आहे. उलट ०.२५ ने भागले की आकडा चौपट होतो, कारण आपण विचारतो की यात पाव किती वेळा बसतो. दोन किलोत पावकिलोच्या पुड्या किती? आठ. हे दुकानातले पोर सांगते. तेच वहीत २ भागिले ०.२५ असे लिहिले की बिचकते.

जिथे टिंब जिवावर येते

फवारणीची शिफारस कधी टक्क्यात असते. समजा द्रावण ०.०५ टक्क्याचे हवे आणि बाटलीतले औषध २५ टक्के तीव्रतेचे आहे. ०.०५ टक्के म्हणजे १०० लिटर पाण्याला ०.०५ लिटर मूळ औषध. बाटलीत मूळ औषध पाव हिस्साच आहे, म्हणून ०.०५ भागिले ०.२५, म्हणजे ०.२ लिटर, २०० मिलिलिटर. १५ लिटरच्या पंपाला ३० मिलिलिटर. आता कोणी ०.०५ ला ०.५ वाचले तर पंपात ३०० मिलिलिटर जाते. दहापट विष. पीक होरपळते, पैसा जातो, आणि पंप पाठीवर घेणाऱ्याच्या अंगावर तेच विष उडते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, ते टिंबामुळे झाले असे मी म्हणत नाही. पण ज्या कामात माणूस दगावतो त्या कामातला आकडा दोनदा वाचलाच पाहिजे. बाटलीवर पंपाला किती हे छापले असेल तर तेच प्रमाण घ्या आणि या गणिताने फक्त पडताळा करा.

उत्पादन खर्चाचा आकडा

शेवटचा हिशेब आपल्या जिव्हाळ्याचा. क्विंटलमागे खर्च किती आला? समजा एका एकराला नांगरटीपासून वेचणीपर्यंत २४,००० रुपये लागले आणि कापूस झाला ३.७५ क्विंटल. २४,००० भागिले ३.७५. टिंब नको असेल तर दोन्ही आकडे शंभराने गुणा, २४,००,००० भागिले ३७५. उत्तर ६,४०० रुपये. आता कोणी म्हणाला, पावणेचार कशाला, चारच धरा, हिशेब सोपा पडतो. चारने भागले की ६,००० येतात. सोपेपणासाठी पाव क्विंटल वाढवला आणि क्विंटलमागे ४०० रुपये खर्च कागदावरून नाहीसा झाला. भाव मागायला जाणाऱ्या माणसाने स्वतःचा आकडा असा गोल करून चालत नाही. समोरचा बसलेला असतो तो दोन घरांपर्यंत हिशेब करून. आपणही दोन घरांपर्यंत करूनच गेले पाहिजे.

आकडे गोल करूच नका असे नाही. अंदाजासाठी करा. पण गोल करायचे ते सगळ्यात शेवटी, आणि कोणाच्या बाजूने गोल होते आहे ते पाहून.

काय करायचे

मायबहिणींना खास सांगतो. बऱ्याच घरांत हिशेबाची वही बापाकडे आणि वेचणीचे वजन आईच्या डोक्यात असते. मजुरी किलोवर असते, प्रत्येकीचे वजन रोज दशांशात येते. हे वजन लिहायचे काम शाळेत जाणाऱ्या पोरीला द्या. ती रोज टिंबाखाली टिंब मांडून बेरीज करील, आठवड्याला मजुरी काढील. तिचे गणितही सुटेल आणि कोणा बाईची पाव किलोची मजुरी बुडणार नाही. गणित पोरींना जमत नाही असे म्हणणाऱ्याला ती वही दाखवा.

शाळेच्या मास्तरांना आणि बाईंना विनंती करा की दशांशाचा धडा शिकवताना एक दिवस पोरांना टेप घेऊन वावरात आणा. १० मीटर बाय १० मीटरचा एक आर आखू द्या. सातबाऱ्याची एक प्रत, काट्याची एक पावती, औषधाची रिकामी, स्वच्छ धुतलेल्या हाताने नव्हे तर फक्त चिठ्ठी उतरवून घेतलेली माहिती वर्गात न्या. बाटली मात्र पोरांच्या हातात देऊ नका.

आणि आपल्यापुरते तीन नियम. पावती हातात आली की टिंबापुढचे आकडे एकेक मोठ्याने वाचायचे. टिंब दिसले की विचारायचे, हे शंभरावर चालते की चाळीसावर. आणि उत्तर आले की मनातल्या अंदाजाशी ताडून पाहायचे. काट्यापुढे उभे राहून हे तिन्ही करायला दोन मिनिटे लागतात. पावती खिशात घालायच्या आधी ती दोन मिनिटे घ्या. मागची गाडी थांबेल.